ओळखीच्या नांवानें आलेलें पत्र

ज्या काळीं घरोघर तारा येत असत त्या काळीं तारवाल्याची हाक कानीं पडतांच घरांतील माणसांच्या छातींत धस्स होई. तारेंत काय आहे हें कळण्यापूर्वींच बायका डोळ्यांना पदर लावीत आणि कर्ता पुरुष थरथरत्या हातानें तो कागद फोडी. पुष्कळदां आंत 'मुलगा पास झाला' एवढेंच असे. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. परंतु तार फोडतांना जी घाई आणि जी धास्ती माणसाच्या हातांत उतरत असे ती कांहीं तिच्याबरोबर गेली नाहीं. घरच्या संगणकावर ई-मेलनें येणारा व्हायरस जगतो तो याच घाईवर.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण सन २००० मध्यें घडलें. त्या वर्षीं ४ मे रोजीं फिलिपाईन्स देशांतील मनिला शहरांतून एक पत्र निघालें. पत्राचा विषय 'आय लव्ह यू' असा होता आणि सोबत जोडलेलें प्रेमपत्र कृपा करून पाहावें, एवढाच काय तो आंतील मजकूर होता. जोडलेल्या फाइलीच्या नांवाशेवटीं 'टीएक्सटी' ही साध्या मजकुराची खूण दिसत होती. ज्यानें ती फाइल उघडली त्याला प्रेमपत्र मिळालें नाहीं. तिच्यांत दडलेला लहानसा प्रोग्रॅम जागा झाला. त्यानें मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधील पत्त्यांची वही उघडली आणि तींत नोंदलेल्या प्रत्येकाला त्याच मालकाच्या नांवानें तेंच पत्र पाठवून दिलें. पुढें त्यानें संगणकावरील छायाचित्रांच्या फाइलींवर स्वतःची नक्कल लिहिली. म्हणजे चित्राचें नांव राहिलें आणि चित्र गेलें. जेथें जेथें सकाळ होऊन कचेऱ्या उघडल्या तेथें तेथें तें पत्र फुटलें, आणि एका दिवसांत आशिया, युरोप व अमेरिका या तिन्ही खंडांत त्यानें गोंधळ उडविला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सलाहि आपली टपालव्यवस्था कांहीं काळ बंद ठेवावी लागली.

शोध घेतां घेतां पोलीस मनिलांतील एका तरुण विद्यार्थ्यापर्यंत पोंचले. परंतु अशा कृत्याला लागू पडेल असा कायदाच त्या वेळीं तेथें नव्हता, म्हणून आरोप मागें घ्यावे लागले. भारतांत माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीं, १७ ऑक्टोबर २००० पासून अमलांत आला. दुसऱ्याच्या संगणकांत अप्रामाणिक हेतूनें व्हायरस सोडणाऱ्यास आज त्या कायद्याखालीं तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परंतु कायदा येतो तो चोरी झाल्यावर. दाराला कडी घालण्याचें काम घरच्या माणसांनाच करावें लागतें.

वरील हकीकतींत नीट ध्यानांत घ्यावयाची गोष्ट अशी कीं, पत्र नुसतें येऊन पोंचल्यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. ज्यांनीं जोडलेली फाइल न उघडतां तें काढून टाकलें त्यांचीं छायाचित्रें जशींच्या तशीं राहिलीं. असें कां व्हावें हें कळण्यास संगणकाचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. संगणकांतील फाइली स्थूलमानानें दोन जातींच्या असतात. कांहीं केवळ पाहण्याच्या किंवा वाचण्याच्या असतात. छायाचित्र किंवा साधा मजकूर हीं त्यांचीं उदाहरणें. दुसऱ्या हुकुमाच्या चिठ्ठीसारख्या असतात. त्यांत 'अमुक कर, तमुक पूस, फलाण्याला पाठव' अशा आज्ञा लिहिलेल्या असतात. यांनाच प्रोग्रॅम म्हणतात. संगणक हा विलक्षण आज्ञाधारक गडी आहे. धन्यानें चिठ्ठी हातीं दिली कीं ती कोणीं लिहिली आणि कां लिहिली हें तो सहसा विचारीत नाहीं. सांगितलेलें काम करून मोकळा होतो. धन्यानें फाइलीवर दोनदां क्लिक केलें कीं त्याच्या लेखीं तो धन्याचा हुकूम झाला. म्हणून व्हायरस रचणाऱ्याची सारी खटपट एकाच गोष्टीसाठीं असते. हुकुमाची चिठ्ठी ही चिठ्ठी नसून पत्र आहे, चित्र आहे, बिल आहे, असें धन्याला वाटावें आणि त्यानें ती स्वतःच गड्याच्या हातीं द्यावी. घराचें दार बाहेरून फोडण्यापेक्षां आंतल्या माणसाकडून उघडवून घेणें चोराला केव्हांहि सोपें.

या फसवणुकीचीं सोंगें थोडींच आहेत आणि तीं ओळखतां येण्याजोगीं आहेत. पहिलें सोंग पाठविणाऱ्याच्या नांवाचें. ई-मेलच्या माथ्यावर जें नांव दिसतें तें पाकिटाच्या मागें लिहिलेल्या नांवासारखें आहे. तें कोणालाहि लिहितां येतें. नांवाशेजारचा पूर्ण पत्ता उघडून पाहिला तर पुष्कळदां बिंग फुटतें आणि बँकेचें म्हणून आलेलें पत्र भलत्याच पत्त्यावरून निघालेलें दिसतें. परंतु पत्ता बरोबर असला म्हणजे निर्धास्त व्हावें असेंहि नाहीं. २००० सालचीं तीं पत्रें खऱ्याच मित्राच्या, खऱ्याच भावाच्या संगणकावरून आलीं होतीं. त्या बिचाऱ्याला मात्र आपल्या नांवानें असें कांहीं गेलें याची वार्ताहि नव्हती. 'विश्वास पानिपतांत गेला' असें मराठींत म्हणतात. येथें त्याचा अर्थ इतकाच घ्यावयाचा कीं, माणसावर विश्वास जरूर असावा. त्याच्या नांवानें आलेल्या फाइलीवर तो आंधळेपणानें ठेवूं नये.

दुसरें सोंग फाइलीच्या नांवाचें. नांवाच्या शेवटीं, टिंबानंतर, जीं दोन-चार अक्षरें असतात त्यांवरून फाइलीची जात ठरते. विंडोज प्रणाली हीं अक्षरें बहुधा लपवून ठेवते, आणि त्या प्रेमपत्राच्या कर्त्यानें याचाच फायदा घेतला. फाइलीच्या खऱ्या नांवांत 'टीएक्सटी'नंतर आणखी एक टिंब आणि 'व्हीबीएस' हीं अक्षरें होतीं. पाहणाऱ्याला 'टीएक्सटी' एवढेंच दिसे व तो फसे. संगणक मात्र 'व्हीबीएस' पाहून आज्ञा पाळूं लागे. विंडोज ११ मध्यें फाइल एक्स्प्लोरर उघडून 'व्ह्यू' आणि त्यांतील 'शो' येथें जावें व 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण करावी, म्हणजे हीं लपलेलीं अक्षरें कायमचीं दिसूं लागतात. काम अर्ध्या मिनिटाचें आहे. नंतर 'ईएक्सई', 'एससीआर', 'व्हीबीएस' किंवा 'जेएस' यांनीं संपणारी फाइल ई-मेलनें आलेली दिसली, तर पाठविणारा कोणीहि असो, ती उघडूं नये. जीमेलसारख्या टपालसेवा अशा फाइली वाटेंतच अडवितात. म्हणून चोर त्या झिप फाइलीच्या गांठोड्यांत बांधतात, गांठोड्याला कुलूप लावतात आणि त्याचा पासवर्ड पत्रांतच लिहून देतात. कुलूप असल्यामुळें तपासणाऱ्या यंत्रणेला आंत डोकावतां येत नाहीं. कुलूप आणि किल्ली जो एकाच पाकिटांत पाठवितो त्याचा हेतु माल राखण्याचा नसतो, हें उघड आहे.

तिसरें सोंग कचेरींतील कागदपत्रांचें. २६ मार्च १९९९ रोजीं पसरलेला 'मेलिसा' नांवाचा व्हायरस मायक्रोसॉफ्ट वर्डच्या साध्या दिसणाऱ्या कागदांत बसून आला होता. वर्ड आणि एक्सेल यांच्या कागदांत 'मॅक्रो' नांवाच्या छोट्या आज्ञा लिहून ठेवण्याची सोय असते. हिशेबनिसाचे कष्ट वाचावे म्हणून ती केलेली. परंतु तीच चोराच्याहि कामीं आली. मेलिसा ज्या संगणकांत शिरे तेथील पत्त्यांच्या वहींतील पहिल्या ५० जणांना स्वतःची प्रत धाडी. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनें इंटरनेटवरून आलेल्या कागदांतील मॅक्रो आपोआप अडविण्यास आरंभ केला. तेव्हांपासून चोराचा कागद वाचणाऱ्यालाच विनवूं लागला आहे कीं, मजकूर नीट दिसत नाहीं, तरी अमुक बटण दाबून ही अडवणूक दूर करावी. असें बटण दाबणें म्हणजे आंतून कडी काढणें होय.

चौथें सोंग विषयाचें, आणि तेंच सर्वांत परिणामकारक. प्रेमपत्राची जागा आज थकलेलें वीजबिल, अडकलेलें पार्सल, प्राप्तिकराचा परतावा आणि बँकेचें केवायसी यांनीं घेतली आहे. 'आज रात्रीं वीज तोडण्यांत येईल', 'चोवीस तासांत खातें बंद होईल', अशीं वाक्यें वाचून माणसाचा हात विचारापूर्वींच हलतो. तारेच्या कागदाची धास्ती ती हीच. पुष्कळदां सोबत फाइल नसून एक लिंक असते. ती दाबली कीं खोटें पान उघडून पासवर्ड विचारतें किंवा एखादी फाइल उतरवून घेण्यास सांगतें.

या चारहि सोंगांवर उपाय एकच, आणि त्याला पैसा लागत नाहीं. पत्रानें दाखविलेल्या वाटेनें जाऊं नये. बिल खरें असेल तर तें वीज कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहतां येतें. बँकेचें कांहीं काम असेल तर कार्डाच्या मागें बँकेचा क्रमांक छापलेला असतो. भावानें फाइल पाठविली असेल तर भावाला फोन करतां येतो. अनपेक्षित फाइल आली कीं उघडण्यापूर्वीं फोन करून विचारावयाचें, हा जर घराचा रिवाज झाला तर बहुतेक फसवणूक उंबरठ्याबाहेरच राहील. त्याच पत्राला उत्तर लिहून मात्र विचारूं नये. तें उत्तर चोराच्याच हातीं पडण्याचा संभव असतो.

माणसाचा हात हेंच चोराचें खरें हत्यार आहे याचा एक गमतीदार पुरावा २००२ मध्यें मिळाला. त्या वर्षीं जगभर एक इशारा फिरत होता. संगणकांत अमुक नांवाची फाइल शोधावी, तिच्यावर अस्वलाच्या पिल्लाचें चित्र असेल, तो भयंकर व्हायरस आहे, तरी ती ताबडतोब काढून टाकावी आणि हा निरोप सर्व परिचितांना कळवावा, असा त्यांतील मजकूर होता. पुष्कळांना ती फाइल खरोखरच सांपडली, कारण ती विंडोजचीच स्वतःची निरुपद्रवी फाइल होती. व्हायरस कोठेंच नव्हता. तरी लोकांनीं भीतीपोटीं आपल्याच संगणकांतील वस्तु आपल्याच हातानें फेंकून दिली, आणि वर आप्तेष्टांनाहि तसें करावयास लावलें. असे सावधगिरीचे निरोप आजहि घरोघर फिरतात. 'सर्वांना पाठवा' असें ज्यांत लिहिलेलें असतें तो निरोप खात्री केल्यावांचून कोणालाच पाठवूं नये.

माणूस कितीहि सावध असला तरी केव्हां तरी चुकतोच. म्हणून यंत्राकडूनहि कांहीं बंदोबस्त करून घेतला पाहिजे. फाइल उघडल्यावांचून व्हायरसला कांहीं करतां येत नाहीं, या नियमाला क्वचित् अपवाद घडतो. सप्टेंबर २००१ मध्यें पसरलेल्या 'निमडा'नें इंटरनेट एक्स्प्लोररमधील एका दोषाचा लाभ घेतला होता. त्यामुळें पत्र नुसतें पाहिलें तरी तो जागा होई. परंतु तो दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें त्यापूर्वींच, मार्च महिन्यांत, फुकट दिलेली होती. ज्यांनीं ती बसवून घेतली नव्हती त्यांच्याच संगणकांत तो या वाटेनें शिरला. संगणक 'अपडेट' मागतो तेव्हां 'नंतर पाहूं' म्हणून तें पुढें ढकलणें किती महाग पडतें हें यावरून दिसेल. शिवाय प्रणाली जुनी झाली म्हणजे तिच्या दुरुस्त्या येणेंच थांबतें. विंडोज १० चें सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. ज्या घरीं तो संगणक अजून चालू आहे तेथें नव्या प्रणालीचा विचार करणें अवश्य आहे.

दुसरा बंदोबस्त अँटिव्हायरसचा. विंडोज १० आणि ११ मध्यें 'डिफेंडर' नांवाचा पहारेकरी मुळांतच बसविलेला असतो. तो चालू आहे एवढें पाहिलें तरी सामान्य घराची गरज भागते. एकाच वेळीं दोन पहारेकरी ठेवूं नयेत. ते एकमेकांच्याच कामांत अडथळा आणतात. मात्र पहारेकरी असला म्हणून दार उघडें टाकावें असें नाहीं, कारण चोराचा अगदीं नवा वेष त्याच्याहि ओळखीचा होण्यास कांहीं वेळ जातो. तिसरा बंदोबस्त असा कीं, रोजच्या वापरासाठीं, आणि विशेषतः मुलांसाठीं, संगणकावर साधें खातें असावें. सर्व अधिकार असलेलें 'ॲडमिनिस्ट्रेटर' खातें वेगळें ठेवावें. गड्याला तिजोरीची किल्लीच दिली नसली म्हणजे खोट्या चिठ्ठीनें होणारें नुकसानहि मर्यादित राहतें.

तरीहि सर्वांत मोठा आधार आहे तो दुसऱ्या प्रतीचा. सप्टेंबर २०१३ मध्यें 'क्रिप्टोलॉकर' नांवाचा व्हायरस ई-मेलला जोडलेल्या फाइलींतून पसरूं लागला. त्यानें फाइली पुसल्या नाहींत. त्या त्यानें अशा गुप्त लिपींत बदलून टाकल्या कीं किल्लीवांचून त्या वाचतां येऊं नयेत, आणि किल्लीसाठीं मुदत घालून खंडणी मागितली. हा खंडणीचा धंदा आजहि चालू आहे. घरच्या संगणकांत असें काय असतें कीं ज्यासाठीं कोणी पैसे द्यावे, असा प्रश्न पडेल. परंतु दिवंगत आईचें शेवटचें छायाचित्र, मुलीच्या लग्नाचा अल्बम, परदेशीं असलेल्या मुलाचीं दहा वर्षांचीं पत्रें, घराच्या खरेदीखताची नक्कल, यांची किंमत बाजारांत शून्य आणि घरांत अमोल असते. खंडणी मागणारा हें ओळखून असतो. ज्या घरीं या सर्वांची दुसरी प्रत आहे त्या घरापुढें मात्र त्याची मात्रा चालत नाहीं.

ही प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम होतांच ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी. हें काढून ठेवणें महत्त्वाचें आहे. जी डिस्क संगणकाला सदैव जोडलेली असते तिच्यावरील फाइलींनाहि खंडणीचा व्हायरस कुलूप लावतो. इंटरनेटवरील साठवणींत आणखी एक प्रत असल्यास उत्तमच. परंतु तेथेंहि बिघडलेली फाइल चांगलीच्या जागीं जाऊन बसण्याचा संभव असल्यामुळें एकट्या त्या साठवणीवर विसंबूं नये. महिन्यांतून एक दिवस यासाठीं नेमून ठेवावा आणि त्या दिवशीं प्रतींतील दोन-चार छायाचित्रें उघडून तीं खरोखर दिसतात कीं नाहीं हेंहि पाहावें. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा उद्योग येथें निष्फळ होतो.

इतकें करूनहि एखादी फाइल उघडली गेलीच, तर काय करावें? प्रथम संगणकाचा इंटरनेटशीं असलेला संबंध तोडावा. वायफाय बंद करावें किंवा तार काढावी. जोडलेली डिस्क असल्यास तीहि काढावी. त्या संगणकावर कोणताहि पासवर्ड लिहूं नये. बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदलावे. त्यानंतर अँटिव्हायरसकडून पूर्ण तपासणी करावी. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेनें चालविलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून त्यासाठीं कांहीं साधनें विनामूल्य मिळतात. पैसे गेले असतील तर तत्काळ बँकेला कळवावें व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर तितकी रक्कम अडविण्याची आशा कमी. खंडणी देऊं नये. दिली तरी किल्ली मिळेल याची हमी चोराच्या शब्दापलीकडे कांहींच नसते. आणि ज्यांचे पत्ते त्या संगणकांत आहेत त्यांना फोन करून सांगावें कीं, या घराच्या नांवानें आलेली फाइल उघडूं नका. साथीच्या दिवसांत आपल्या घरीं दुखणें आलें तर शेजाऱ्याला कळविणें हें जसें कर्तव्य, तसेंच हें आहे.

या सर्व उपायांचा पाया एका घरगुती गोष्टींत आहे. ज्या घरीं चुकणाऱ्याला रागें भरतात त्या घरीं चूक लपविली जाते. दहा वर्षांच्या मुलानें खेळाच्या लोभानें फाइल उघडली, किंवा आजोबांनीं पेन्शनचें पत्र समजून ती उघडली, आणि पडद्यावर कांहीं तरी विपरीत दिसलें. अशा वेळीं घरांत बोलणीं बसतील या भीतीनें मूल गप्प राहतें, आणि 'म्हाताऱ्याला कांहीं कळत नाहीं' असें ऐकावें लागेल म्हणून आजोबाहि गप्प राहतात. दोन तासांपूर्वीं कळलें असतें तर वायफाय बंद करून जें वांचलें असतें तें त्या मौनांत जातें. मनिलाहून आलेल्या त्या पत्राला मोठमोठ्या कचेऱ्यांतील शिकलेसवरलेले लोकहि फसले होते. तेव्हां घरांतील लहानथोरांना आधींच सांगून ठेवावें कीं, शंका आली तर उघडण्यापूर्वीं विचारा, आणि उघडून बसलां असाल तर त्याच क्षणीं सांगा. कोणी रागावणार नाहीं. हें वचन ज्या घरीं पाळलें जातें त्या घरची छायाचित्रें सुखरूप राहण्याचा संभव फार मोठा आहे.